चौदा सेकंद

पोरांनी मला शोधून काढलं, मोबाइलवर,
सराव संपल्यावर, बुटांच्या नाड्या सोडता सोडता.
"सर, तुमचा व्हिडिओ आहे!"
आहे. चौदा सेकंदांचा.
कोलकाता, उपांत्य सामना, दिव्यांचा पिवळट उजेड,
उजवीकडून आलेला क्रॉस,
मी पाय घालतो
आणि चेंडू आमच्याच जाळ्यात.
खाली नाव लिहिलंय : गायतोंडे.

मी गायधनी. पळश्याचा.
पण दुरुस्ती मागायची कुणाकडे?
आणि मागायची तरी कशाला,
राहू दे तो गोल गायतोंडेच्या नावावर.

पोरं हसली. हसावंच.
तेजल बोराडे तेवढी हसली नाही.
ती माझ्यासारखीच स्टॉपर.
तिनं व्हिडिओ मागे नेला, पुन्हा लावला,
म्हणाली, "सर, तुमच्या मागे कोण होतं?"

मागे होता एक नायजेरियन, सहा फूट तीन इंच,
उघड्या गोलसमोर, एकटा.
तो दिसत नाही. कॅमेरा तिथवर पोचलाच नाही.

अकरा वर्षं खेळलो.
मुंबईत बंदराच्या संघात दोन, गोव्यात चार, कोलकात्यात पाच.
पगार कधी सणाआधी, बहुतेकदा सणानंतर.
डाव्या भुवईवर सात टाके, उजव्या गुडघ्यात स्क्रू,
गोल : शून्य.
(ते चौदा सेकंद सोडून.)

आई फोनवर विचारायची, "आज काय केलंस रे?"
"आज काही झालं नाही, आई."
नव्वद मिनिटं मी काही होऊ दिलं नाही,
हे एसटीडीचे आकडे पळत असताना
समजावून सांगता येत नाही.

दादांना मात्र कळायचं.
दादा नाशिकरोडच्या प्रेसमध्ये, तपासणीला.
बत्तीस वर्षं नोटा डोळ्यांखालून घातल्या;
शाई पसरलेली, आकडा सरकलेला, कड तिरकी,
काढ बाजूला.
त्यांनी अडवलेली नोट
कुणाच्याच खिशात गेली नाही,
म्हणून त्यांना कुणी ओळखतही नाही.
निवृत्तीला एक घड्याळ मिळालं.
मला तेही नाही.

आता साखर कारखान्याच्या जुन्या वजनकाट्यामागे
डिसेंबरातले सकाळचे सहा,
तोंडातून वाफ, बुटांत दव,
सव्वीस पोरं, आणि सव्वीसही जणांना नऊ नंबर हवा.
मी सांगतो :
चेंडूकडे बघू नको, कमरेकडे बघ.
पाय फसवतात, डोळे तर फसवतातच,
कंबर बिचारी जायचं तिकडेच वळते.
घाई नको. उभा राहा. त्याला विचार करायला लाव.
घसरून टॅकल मारलीस तर लोक टाळ्या देतील,
पण ती कबुली असते,
आपण उशिरा पोचलो याची.

एवढं बोलतो आणि स्वतःच उशिरा पोचतो.
गुडघा थंडीत कुरकुरतो,
निहाल शेख मला डावीकडून काढून निघून जातो,
तेरा वर्षांचा, मागे वळूनही न बघता.
बरं वाटतं. जरासं वाईटही.

रविवारी सातपूरला मुलींचा सामना.
एकसष्टाव्या मिनिटाला तेजल
पुढे धावायचं सोडून दोन पावलं मागे आली.
एवढंच.
तिथे पास येणार होता, आला नाही.
त्यांच्या मुलीनं मान वर करून पाहिलं,
वाट बंद,
चेंडू परत मागे दिला.
कुणी ओरडलं नाही. माइकवाला चहा पीत होता.
शूटिंग करणारा एक बाप
नेमका तेव्हा गाडीची किल्ली शोधत होता.

पुढे आम्ही पेनल्टीवर हरलो, तो भाग वेगळा.

परतीच्या टेम्पोत तेजल
चेंडूंच्या जाळीला टेकून झोपली.
मी वही काढली. लिहिलं : ६१ वं मिनिट, बोराडे.
पुढे काय लिहावं कळेना.
सिन्नर फाटा आला, गेला.
मग लिहिलं,
काही झालं नाही.
खाली रेघ मारली, टेम्पोच्या धक्क्यानं वाकडी आली.
नाव तेवढं पुन्हा तपासलं :
ब ला काना-मात्रा, र ला काना, ड वर एक मात्रा.
बरोबर.