डोकी मोजताना

पहाटे चारला लिमाच्या धुक्यात
मी बसच्या दारात उभी राहते आणि डोकी मोजते.
एकतीस.
कानटोप्या, एक घोरणारं टक्कल,
नवव्या सीटवर नव्या लग्नाचं एकच पांघरूण, त्यात दोन.
मी येसेनिया, सांगते माईकमध्ये, दोन भाषांत,
एका दिवसात समुद्र आणि वाळवंट, रात्री दहाला परत.
फेर्मीन गिअर टाकतो. त्याला माझं सगळं पाठ आहे,
विनोदाच्या जागी तो आरशात बघून आधीच हसतो.

पाराकासच्या धक्क्यावर नारिंगी जाकिटं.
बोटीत पुन्हा एकतीस.
बेटं आधी नाकाला कळतात, मग डोळ्यांना.
खडकांवर समुद्रसिंह लवंडलेले,
पंगत उठल्यावर लग्नघरी लवंडावं तसे.
एक पेंग्विन कड्याच्या टोकाशी येतो,
पाण्याकडे बघतो, मागे फिरतो, पुन्हा येतो.
सगळे फोन खिशात गेले की उडी मारतो.

मी सांगते, पक्षी इतके लाख, खत इतके टन.
सांगत नाही, की माझा आजोबा इथला राखणदार होता,
अकरा वर्षं, एक खोली, एक रेडिओ,
महिन्यातून एकदा पिठाची होडी.
पक्षी एकेक मोजायचे नसतात, म्हणायचा,
किती जमीन दिसेनाशी झाली ते मोजायचं.
बेटावर आता कुणाला उतरू देत नाहीत.
त्याच्या खोलीचं दार मी रोज चाळीस पावलांवरून बघते,
पाण्यावर पावलं नसतात, तरी.

दुपारी वाकाचिना.
बग्ग्या किंचाळत वाळूवर चढतात,
लोक पाटीवर पालथे पडून घसरत येतात,
दातांत वाळू घेऊन हसतात.
मधोमध तळं, काठाला ताड.
इथे माझी गोष्ट असते:
एक मुलगी, तिचा आरसा,
आरसा हातून निसटला, त्याचं पाणी झालं.
टाळ्या पडतात. रोज पडतात.

पाच वाजता बसपाशी तीस.
पुन्हा मोजलं. तीस.
पांघरूण आहे, टक्कल आहे, लाल झालंय.
नाही तो चौदा नंबर.
सातुर्निनो यामोका, आयाकुचोच्या डोंगरातला,
लेकीने तिकीट काढून पाठवलेला,
बोटीत ज्याने एकही फोटो काढला नाही,
नुसता हात बुडवून बोट जिभेला लावलं
आणि मान हलवली, कुणीतरी सांगितलेलं खरं निघाल्यासारखी.

सापडला तळ्यामागे,
बूट हातात, उकिडवा, एका पाइपाशेजारी.
"बाई, हे पाणी आणलेलं आहे," म्हणाला.
तक्रार नव्हती, सूर हवामान सांगितल्यासारखा.
"मी गावचा पाटकरी होतो, सव्वीस वर्षं.
कुणाच्या वावरात किती वेळ पाणी, ते माझ्याकडे.
आपलं आपण आलेलं पाणी गप्प असतं.
आणलेलं धाप टाकतं. ऐका."

ऐकलं.
सहा वर्षं मी इथे उभी राहून बोलते आहे.
ताडांपलीकडे कुठेतरी पंप,
जिना चढून आलेल्या माणसासारखा.

"आरशाची गोष्ट मी सांगू नको का मग?"
विचारलं आणि लाजले. लहान पोरीचा प्रश्न होता.
त्याने एक बूट उलटा करून झटकला.
मग दुसरा. बराच वेळ वाळू पडत होती.
"सांगा की," म्हणाला. "पण कुणाच्या पाळीचं आहे हे?
ज्याच्या पाळीचं, तो आज काय करतोय?"
माझ्या कागदावर हे नव्हतं.
तिकडे फेर्मीन हॉर्न वाजवत होता.

एकतीस.
पॅन-अमेरिकन हायवे, डावीकडे समुद्र असणार,
असणार म्हणायचं, कारण अंधार.
मी काचेला कपाळ लावून मोजत बसले,
आधी टेकड्या गेल्या, मग कोंबड्यांच्या छपरांची रांग,
मग रस्त्याची कड.
चिंचाच्या पुलाशी परतीचा विनोद असतो.
फेर्मीन आरशात बघून हसला.
मी काहीच बोलले नव्हते.