झुगदीदी, पहाटेचे सव्वातीन

हेझलनटच्या गोदामात दिवे मालवलेले,
फक्त संगणकाचा पंखा घुरघुरतोय.
लेवानची स्क्रिप्ट रोज तीनला उठते,
एक्सेल उघडते, पोत्यांची वजनं भरते, मिटते.
म्हणजे, तसं ठरलं होतं.

आज पुन्हा अडकली.
टास्क मॅनेजरमध्ये त्यानं मोजले:
अकरा एक्सेल. एकालाही खिडकी नाही.
अकराही जण तीच एक फाईल
अंधारात घट्ट धरून बसलेले,
कुणी या म्हणालं
आणि जा म्हणायचं राहून गेलं, तसे.

आणि जिथे कुणी बघत नाही तिथे
एक चौकट शुक्रवारपासून विचारतेय:
बदल जतन करायचे का?
हो किंवा नाही, एवढंच हवंय तिला.

त्सियाला निवृत्त होताना म्हणाली होती,
'समोरचं पान' असं कधी सांगू नकोस पोरा,
समोर काय असेल, भरवसा नाही.
वहीचं नाव घे. पानाचं नाव घे.
आणि उघडलंस ते तूच मिट,
भांडण झालं तरी, वीज गेली तरी.
तो हसला होता तेव्हा:
तिच्या वह्या पुठ्ठ्याच्या होत्या.

आता तो लिहितो, चहा गार होतो.
नाव. पान. विचारू नकोस, थांब, पुन्हा बघ.
आणि सगळ्यात खाली, काहीही होवो:
बंद कर. सोड.

पावणेपाच. पुन्हा मोजतो: शून्य.
साडेसहाला मुरमानचा ट्रक येईल, ओलसर पोत्यांचा.

फाटकापर्यंत जाऊन लेवान परत वळतो,
कुलूप ओढून बघतो.
दोनदा.