डाव्या पायाचा मोजा

न्हाणीच्या नळाला एक मोजा बांधलाय.
सुती, राखाडी. लोकर तिला सोसत नाही.
त्याचा जोडीदार मार्चमध्ये दोरीवरून उडाला,
समुद्राकडे गेला असावा;
फ्रेझरबराचा वारा विचारून काही नेत नाही.

मोज्यात तीन मुठी ओट.
तेही आमचे नव्हेत. घोडीचे.

झालं असं,
एफी पाच वर्षांची. कोपरांच्या खळग्यांत,
गुडघ्यांच्या मागे तांबडे नकाशे,
दर हिवाळ्यात सरहद्दी पुढे सरकलेले.
रात्री दोनला तो आवाज येतो :
कुणी बंद दार आतून खरवडावं, तसा.
मी तिचे हात धरतो.
ती झोपेत माझेच खाजवते.

लव्हेंडर आणलं. किंचाळली.
गुलाब आणला. त्याहून मोठ्यानं.
"नाजूक बाळांसाठी" लिहिलेली निळी ट्यूब आणली,
ती बाळं बहुधा दुसरी असावीत.
डॉक्टरीणबाईंच्या मलमानं गुण येतो, ते चालूच आहे.
पण दोन बोटं मलमाच्या मधे
जी एवढी लांब रात्र पडते, तिचं काय?

तेव्हा कुंपणापलीकडून वॅटी डगिड म्हणाला,
खोगीर घासून जेसची पाठ सोलवटली होती,
ओटाच्या पाण्यानं धुवायचो.
घोडी बाटलीवरचं वाचत नाही.
लाथा मारायची थांबली, एवढंच मला ठाऊक.

आणि पिशवी देताना, एका दमात :
धुळीसारखं दळ. ग्लासात चमचाभर टाकून बघ,
तळाशी बसलं तर पुन्हा दळ,
दुधासारखं झालं तर जमलं.
आधी मनगटावर टिकलीएवढं लाव, दिवसभर थांब,
कुणाकुणाला ओटही बाधतो.
पाणी कोमट, कढत नको.
आणि टब निसरडा होतो.
मी पडलोय.

तिची आई ॲबर्डीनला रात्रपाळीत,
म्हणून गुडघे टेकून बसतो तो मी.
मोजा पिळला की पाणी धुरकटतं,
आंबील पातळ केल्यासारखं,
वास येतो भिजल्या पोत्याचा, थोडा तबेल्याचा.
"मी घोडा आहे का?" एफी विचारते.
आहेस, म्हणतो. हलू नकोस.

आता माझं सांगायचं तर
माझा धंदाच कातडी काढण्याचा.
बारा वर्षं, पहाटे पाचपासून, हॅडॉकची.
बर्फ, मिठाचं पाणी, सुरी.
शेपटीकडून पातं घालायचं,
ती अख्खी निघून येते, ओल्या कागदासारखी.
ती काय काय अडवून धरते
हे मी कधी मनातही आणलं नव्हतं.

तिसऱ्या रात्री लक्षात आलं,
काहीतरी बंद पडलंय.
घरातलं जुनं यंत्र थांबावं आणि
इतके दिवस ते गुरगुरत होतं हे तेव्हाच कळावं, तसं.
माझ्या बोटांची आग.
चिरा होत्या तिथेच होत्या,
फक्त गप्प होत्या.

एफीनं पाण्यातून माझा पंजा वर काढला.
"तुझेपण लाल आहेत."
आणि मोजा माझ्या हातावर पिळला,
जीभ दातांत धरून, माझ्याच आवाजात :
हलायचं नाही. घोडा आहेस.
टॉवेलनं पुसलं नाही, टिपलं,
एकेक बोट.
अंगठा वगळला. तो आगाऊ आहे म्हणे.

रात्री दोनला सवयीनं जाग आली.
दाराशी उभा राहिलो.
खर्र,
एकदाच.
मग कूस बदलल्याचा आवाज. मग नुसता वारा.
बरी झाली असं मी म्हणणार नाही.
झोपली, असं म्हणतो.

सकाळी मोजा उलटा केला,
लगदा वॅटीच्या कोंबड्यांना टाकला,
मोजा दोरीवर, दोन चिमटे लावून.
मग तिसरा लावला.
हा गेला तर दुसरा नाही.