सतराचा पाढा

वरोऱ्याच्या पोस्टात एकतीस वर्षं शिक्के मारले.
निवृत्तीनंतर उजवा हात उगाच उचलला जायचा,
म्हणून नाव दिलं
गावोगाव वाघ शिकवायला जाणाऱ्यांच्या यादीत.
तीन दिवसांचं प्रशिक्षण, एक टोपी, एक तक्ता,
सात मुद्द्यांचा कागद,
आणि जुन्या वर्तमानपत्रात गुंडाळलेला
प्लॅस्टरचा पंजा.

दर गुरुवारी कोसंबी तुकूम.
एसटी फाट्यावर सोडते, पुढे दोन किलोमीटर पायी,
धानाच्या कापल्या बांध्या, तणसाचे ढीग,
नाल्याशी शेंदूर फासलेला वाघोबाचा दगड,
त्याच्यापुढे कुणीतरी ठेवलेली बिडी.

शाळेच्या पायरीवर गेडाम सरांनी हळूच सांगितलं,
"तिसऱ्या रांगेतला, निळा स्वेटर. हिवराज.
मागल्या चैतात मोहा वेचता वेचता
त्याची माय..."
मग घंटा झाली.

चौथीत अकरा पोरं.
मी पंजा टेबलावर ठेवला. "हा नर बरं का."
निकेश आत्राम जागेवरून उठलाही नाही.
"मादी आहे जी बाई. बोटं पाहा ना, लांबट."
उलटा केला तर पाठीवर पेन्सिलीनं लिहिलेलं:
मादी.
एवढी वर्षं दुसऱ्यांचे ठसे हाताळले,
एकही वाचला नव्हता.

तक्ता लावला. खाली गवत, वर चितळ,
सगळ्यांत वर तो.
वाघ आहे म्हणून रान आहे, रान आहे म्हणून नाला,
नाला आहे म्हणून तुमच्या विहिरीला पाणी.
मुद्दा पहिला. दुसरा. तिसरा.
मग सरळ पाचवा.

निळा स्वेटर उभा राहिला.
"चवथा राह्यला जी."
कागद त्याच्या बाजूनं उघडा होता.
मी काही बोलायच्या आत
त्यानंच वाचला, बोट ठेवून, शब्द तोडत:
"वाघ सहसा माणसावर
हल्ला करत नाही."
वर्गात कुणाची चप्पलही वाजली नाही.

"हे त्याले कोनं सांगतलं का जी?"

चिडून नव्हता विचारत.
हजेरीत एखादं नाव राहिलं
तर विचारावं, तसं.
मी कागदाची घडी घातली.
घडीची आणखी एक घडी घातली.
गेडाम सर खिडकीबाहेर बघत होते,
तिथं फक्त हातपंप होता.

पाच वाजता पोषात उजेड घाईनं आवरतो.
"एकल्या नका जाऊ बाई," तारका म्हणाली,
आणि सहा-सात जणं निघाली फाट्यापर्यंत,
हातात काठ्या, एकाच्या हातात रिकामा डबा, दगड घातलेला.
"परत जाताना तुम्ही?"
"दूधगाडी येते ना जी. त्यातच बसतो."
मी कुजबुजत चालत होते, देवळात चालावं तशी.
"चूप नका राहू. मोठ्यानं बोला."
"काय बोलू?"
"काही बी. आमी तं पाढे म्हनतो."

बारा एके बारा.
डबा खडखडला, बांधीतून बगळे उठले.
तेरा, चौदा, पंधरा, सोळा,
वाघोबाचा दगड मागे गेला, बिडी तशीच होती.
हिवराज माझ्या डावीकडे, रानाच्या बाजूनं.
त्यानं ती बाजू कधी घेतली, कळलं नाही.

सतरा एके सतरा, सतरा दुणे चौतीस,
सतरा पंचे पंच्याऐंशी, सतरा सक...
मी अडकले.
पोरंही थांबली, माझ्याकडे बघत,
आणि त्या एवढ्याशा शांततेत
नाल्यापलीकडून चितळ ओरडलं.
एकदा. मग पुन्हा.

कुणी पळालं नाही.
हिवराजनं काठी जमिनीवर आपटली.
"एकशे दोन," तो म्हणाला, मला नाही,
रानाकडे तोंड करून,
चांगलं खणखणीत,
मागच्या बाकावर ऐकू जावं इतकं.

"आयकून राह्यला तो. म्हना पुढं."

सतरा सत्ते एकशे एकोणीस.
फाट्यावर एसटीचे दिवे दिसेपर्यंत
आम्ही एकोणिसाच्या पाढ्यापर्यंत आलो होतो.