उतार

घणसोलीत, सेक्टर सातमध्ये,
माझ्या हातची एकही लाइन गळत नाही.
पाणी कुठून कुठे चाललंय
हे मला भिंतीला कान लावून कळतं.

म्हणून खारघरला मॅडमनी कागदावर
भार्गवीचं डोकं काढलं, त्यातून एक नळी,
कानामागून, मानेतून, छातीच्या कातडीखालून
थेट पोटात,
तेव्हा सगळ्यांआधी समजलं ते मला.
वर पाणी तुंबलंय, खाली काढून द्यायचं.
मध्ये व्हॉल्व्ह, एकाच दिशेचा.
मी विचारलं, कुठल्या कंपनीचा?
मॅडम हसल्या. बायकोनं दंडाला चिमटा काढला.
सही मीच केली. खुशीत.

दोन दिवसांत उलट्या थांबल्या.
पोरीनं पोहे मागितले, वर शेव.
कानामागचा उंचवटा ती मैत्रिणींना
हात लावून बघू द्यायची,
एका वेळी एकीला, खोडरबराच्या बदल्यात.
गाठ काढली. किरणं दिली. केस गेले,
आले ते कुरळे.
सगळे म्हणाले, उतार पडला.
उतार तर माझाच शब्द.
मीटरमागे एक सेंटिमीटर,
त्याशिवाय पाणी चालत नाही.

आज पोटाची सोनोग्राफी.
मॅडमनी फाइलमधून तोच जुना कागद शोधला.
पेन नळीवरून सावकाश खाली आणलं,
मान, छाती,
बेंबीच्या वर थांबवलं.
"क्वचित होतं असं. फार क्वचित.
हा आजार सहसा मेंदू आणि मणका सोडून जात नाही."
मला नव्हतं विचारायचं.
याच वाटेनं?
"बहुतेक."
मग नळी काढा.
"काढली तर वर पुन्हा तुंबेल."

टाकीत मोरब्याचं पाणी असो की टँकरचं,
पाइप विचारत नाही.
वीस वर्षं हे मी गिऱ्हाइकांना सांगत आलो,
पाणी गढूळ आलं की माझ्यावर ओरडायचे तेव्हा.

बाहेर बाकावर बायको
रिपोर्ट उलटा धरून बसलेली.
भार्गवी कूलरपाशी.
"बाबा, हा नळ गळतोय."
पिशवीत पान्हा होता. काढला नाही,
हातानंच आवळला.
थेंब थांबला.

तिनं खात्रीसाठी तळवा खाली धरला.
नंबर पुकारला गेला, आमचाच,
तरी धरून उभी.