रविवारचं खाणं

आज रविवार, तरी आले.
त्यांना वार कळत नाही.
कोपनहेगनच्या उत्तरेला, तळघरातल्या या खोलीत
सदतीस अंशांच्या उबेत
त्रेपन्न क्रमांकाच्या माणसाच्या पेशी.
पाणी अजून गुलाबी.

सत्तेचाळीसचंही असंच होतं.
माणूस पाहिला नव्हता,
त्याच्या यकृताचा तुकडा पाहिला होता, वाटाण्याएवढा.
डोळ्यात उगवून खाली उतरलेलं काळं,
शाईसारखं हातमोज्याला लागणारं.
डोळा आधीच काढलेला.
असा आजार क्वचित कुणाला होतो,
म्हणून औषधवाल्यांनाही त्याची घाई नाही.

तुकडा चिरला. त्या काळ्यातच
त्याच्या स्वतःच्या राखणदार पेशी,
चोरापर्यंत पोचलेल्या
आणि तिथेच दाराशी पेंगलेल्या.
माहितीपत्रक त्यांना सैनिक म्हणतं.
मला त्या नुसत्या उपाशी दिसतात.

पहिल्या खेपेला एकही बाहेर आली नाही.
अठरा दिवस मी पाणी बदलत राहिले.
दुसऱ्या तुकड्याच्या कडेला
एका पहाटे रव्यासारखं काही हललं,
मग मोजदाद सुटली.
त्या जेवल्या की गुलाबी पाणी पिवळं पडतं.
शनिवारी पिवळं. रविवारी पुन्हा पिवळं.
आई राईच्या पावाचं विरजण असंच सांभाळायची,
गावाला जाताना शेजारणीला बजावून:
"मरू देऊ नकोस, इंगेलिसे."

पिशवी वर न्यायला त्या दिवशी कुणी नव्हतं, मीच नेली.
ताकासारखं गढूळ, जेमतेम दोन पेले.
खाटेवर एस्किल, बोर्नहोल्म बेटावर हेरिंग धुरवणारा,
केस गेलेले,
अंगातल्या जुन्या पेशी औषधाने पुसलेल्या,
या परतणाऱ्यांना जागा व्हावी म्हणून.
एक डोळा माझ्याकडे, काचेचा खिडकीकडे.
"माझ्याच ना?"
"तुमच्याच."
"मग इतके दिवस काय करत होत्या?"
"जेवत होत्या. रविवारीसुद्धा."
तो हसला, खोकला.
सिग्नेने चिमटा सैल केला.

रात्री हुडहुडी भरली. चार पांघरुणं.
तीन महिन्यांनी यकृतावरच्या सात डागांचे पाच झाले,
मग पाचच राहिले.
याला काय म्हणायचं ते डॉक्टरांचं अजून ठरत नाही.

परवा टपालाने हेरिंग आली,
वर्तमानपत्रात गुंडाळलेली, तेल झिरपलेलं.
वर पेन्सिलीने: रविवारसाठी.

आत्ता खाल्ली, जिन्यात बसून.
हात तीनदा धुतले, धूर जात नाही.
मोजे दुहेरी घातलेत.
कपाट उघडते.