सिग्नलचा हात

पत्र्याच्या सिग्नलचा हात लोंबत होता,
किती वर्षं, कोण मोजतो.
स्टोव्हची पिन कापून बिजागरीत घातली,
लाल रंगाला सुनेचं नेलपॉलिश.
नेरुळच्या गॅलरीत चष्मा कपाळावर,
खाडीचा दमट वारा रंग वाळू देईना.

इंजिन केव्हाच भंगारात गेलं.
स्टेशन तेवढं राहिलं,
कारण व्यापाराच्या डावात
हिरवी घरं हरवली की आम्ही तेच मांडायचो.
विजूताई म्हणायची,
"स्टेशन म्हणजे चार घरं. काढ भाडं."
बँक कायम तिच्याकडे.

एकदा बँकेत शंभराची नोट कमी भरली.
मी तिला चोर म्हणालो.
पट उलटला, फासे कपाटाखाली,
आठ दिवस अबोला.

आज फलाटाचा तळ उचकटला
तर आत तीच नोट,
गुलाबी, गंजाचा डाग पडलेली.
आणि घडी माझी.
चार पदरी, कोपरा आत खोचलेला;
बसचं तिकीट मी अजून असंच दुमडतो.

ताईला सांगायला हवं होतं.
नंबर आहे मोबाईलमध्ये,
पुसवला नाही.

सिग्नलचा दोरा ओढला.
हात वर गेला,
थरथरला,
आणि तिथेच राहिला.